फील्ड ऑप्शनल करा

तिकीट अगदी किरकोळ होतं. जीरावर असली तिकिटं आठवड्याला दहा येतात. "लायसन्स रिक्वेस्ट फॉर्ममधलं 'एंड-यूज' हे फील्ड मँडेटरी आहे. कस्टमर तिथे अडकतात. ऑप्शनल करा, नाहीतर डिफॉल्ट व्हॅल्यू द्या." प्रायॉरिटी मीडियम, एस्टिमेट एक पॉइंट. मी मेट्रोने चकाल्याला उतरले, ऑफिसात पोचले, चहा घेतला, फाइल उघडली. ड्रॉपडाउनमध्ये आधीच 'सिव्हिल / कमर्शियल' निवडलेलं दिसेल अशी सोय केली, टेस्ट चालवल्या, कोड पुश केला. चहा निवायच्या आत काम संपलं. दुपारी सेल्सच्या मुलाने चॅटवर अंगठा टाकला.

ही २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. पुढे त्याच डिफॉल्ट व्हॅल्यूपायी मी शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दल वाचायला लागेन असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला दुसरा चहा पाजला असता.

आमची कंपनी छोटी आहे, अंधेरी ईस्टच्या एमआयडीसीत, खाली झेरॉक्सवाला आणि वर आम्ही. कॅमेऱ्याच्या फुटेजमधली माणसं मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मॉलच्या दारातून किती जण आत गेले, बिलिंगच्या रांगेत किती उभे आहेत, असलं साधं काम. पुढच्या व्हर्जनमध्ये गर्दी कुठे दाटतेय आणि कुठल्या दिशेने सरकतेय ते आलं. त्याच्या पुढच्यात एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस दुसऱ्या कॅमेऱ्यात ओळखणं आलं. मग एका गिऱ्हाइकाला ते ड्रोनच्या कॅमेऱ्यावर चालवून हवं होतं, तेही आलं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा जेमतेम वीतभर उंच होती. परदेशातला माल आम्ही थेट विकत नाही, रीसेलरमार्फत विकतो. रीसेलर पुढे कुणाला देतो ते त्या फॉर्मवर यायला हवं. फॉर्म त्यासाठीच होता.

२०२४ च्या जूनमध्ये सपोर्टकडून एक बग आला. "पळणाऱ्या लोकांची मोजणी कमी भरते." सोबत अकरा सेकंदांची क्लिप. ड्रोनवरून घेतलेली, आवाज नाही. वरून दिसणारा रस्ता, दोन्ही बाजूंची शटर्स बंद, आणि सगळी माणसं एकाच दिशेने पळतायत. कशापासून, ते फ्रेममध्ये नाही. एक जण मध्येच खाली बसतो, की पडतो, तेवढ्या रिझोल्यूशनला कळत नाही. आमच्या मॉडेलने त्याला तिथून पुढे मोजायचं सोडलं होतं, कारण वरून बघताना तो आता माणसासारखा दिसत नव्हता.

मी तो बग फिक्स केला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी बरंच काही सांगणार आहे आणि तुम्हाला वाटायचं की हिने बाणेदारपणे राजीनामा वगैरे दिला असेल. नाही दिला. दोन दिवस लागले, अ‍ॅक्युरसी वाढली, स्टँडअपला कौतुक झालं. क्लिप मॅरेथॉनचीही असू शकते. मॅरेथॉनच्या दिवशीही दुकानं बंद असतात. मी स्वतःला हे बरेच दिवस सांगत होते.

मग एका रात्री घरून लॉगिन करून त्या लायसन्सचं रेकॉर्ड काढलं. कस्टमरच्या जागी रीसेलरचं नाव. देशाच्या जागी रीसेलरचा देश. एंड-यूज: सिव्हिल / कमर्शियल. हे कुणी भरलं होतं? कुणीच नाही. किंवा मीच. मग क्वेरी मारली. डिफॉल्ट लावल्यापासून २१४ रिक्वेस्ट आल्या होत्या, त्यातल्या २०९ मध्ये तेच उत्तर. उरलेल्या पाच आमच्याच टेस्ट एंट्री निघाल्या.

मॅनेजर चांगला माणूस आहे. त्याला दाखवलं तर म्हणाला, "अगं, आपलं प्रॉडक्ट स्कोमेटमध्ये येत नाही. लीगलने बघितलंय."

स्कोमेट म्हणजे भारत सरकारच्या डीजीएफटीची यादी. परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत अशी रसायनं, जंतू, साहित्य, यंत्रं आणि तंत्रज्ञान तिच्यात असतं. तिची सहावी कॅटेगरी म्हणजे सरळसरळ युद्धसामग्री. आठवीत इलेक्ट्रॉनिक्स, कम्प्युटर, टेलिकॉम, माहिती-सुरक्षा असा सगळा आमच्या गल्लीतला माल आहे. ही आठवी कॅटेगरी वासेनार व्यवस्थेच्या यादीवरून येते. पारंपरिक शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तू यांच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांचा हा गट. भारत त्यात डिसेंबर २०१७ मध्ये सामील झाला. सॉफ्टवेअरही शस्त्रासारखं मोजायचं, हे या गटाने बऱ्यापैकी लवकर मान्य केलं. दुसऱ्याच्या यंत्रात शिरणारं 'इन्ट्रूजन सॉफ्टवेअर' २०१३ मध्ये यादीत आलं. पेगॅसस आठवत असेल. ते विकायला बनवणाऱ्या कंपनीला इस्राएलच्या संरक्षण मंत्रालयाचा निर्यात परवाना लागतो. म्हणजे परवाना देणारं ऑफिस होतं, फॉर्म होता, शिक्का होता. तरी २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ज्या भारतीयांना 'तुमच्या फोनवर हल्ला झाला' असं कळवलं, त्यात भीमा-कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्ते होते.

मॅनेजरचं म्हणणं बरोबर होतं. माणसं मोजणारं आमचं सॉफ्टवेअर यादीत नाही. मी यादी उघडून ताडून बघितली. सवय. यादीबरोबर परवाना देतानाचे निकषही वाचले. माल घेणारा कोण, तो काय सांगतो, वाटेत माल कुणाकुणाच्या हातातून जाणार, दहशतवाद्यांच्या हाती पडायचा धोका किती, घेणाऱ्या देशाचे स्वतःचे नियम कसे आहेत, हे सगळं आहे. मानवाधिकार हा शब्द मला त्यात दिसला नाही.

आमचं घर असल्फ्याला. इथून विमानं चाकं काढून घरावरून जातात. पाहुणे दचकतात, आम्ही बोलणं तेवढ्यापुरतं थांबवतो आणि तुटलेल्या शब्दापासून पुढे सुरू करतो. बाबांचे थोरले भाऊ, आप्पा, आयुष्यभर सहार विमानतळावर लोडर होते. आता गुडघे गेलेत, पण आवाजावरून विमान ओळखतात. त्यांची एक गोष्ट आम्हा चुलत भावंडांना पाठ होती: रशियन विमानाची. लहानपणी ती भुताच्या गोष्टीसारखी ऐकायचो. रात्री हवाई दलाने एक विमान खाली उतरवलं, आत गोरी माणसं, त्यातला एक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

क्लिपनंतरच्या एका रविवारी मी आप्पांना विचारलं, ते विमान खरंच होतं का.

"म्हणजे? मी थापा मारतो वाटतं?" आप्पा म्हणाले. "पेपरात आलंय ते सगळं. तू जन्मायच्या आधी."

पेपरात खरंच आलं होतं. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात एका आन्तोनोव्ह एएन-२६ विमानातून पॅराशूटने पेट्या टाकल्या गेल्या. सकाळी गावकरी शेतात गेले तर एके-४७ रायफली पडलेल्या. शेकडो रायफली आणि दहा लाखांहून जास्त काडतुसं. विमान निघून गेलं, थायलंडला थांबलं आणि परतीच्या वाटेवर २१-२२ डिसेंबरच्या रात्री भारतीय हवाई दलाने ते मुंबईत उतरवलं. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. आत लाटव्हियाचे पाच वैमानिक-कर्मचारी, पीटर ब्लीच नावाचा ब्रिटिश शस्त्रविक्रेता आणि किम डेव्ही हे नाव घेतलेला एक डॅनिश माणूस. तो विमानतळावरूनच पसार झाला. आप्पांच्या गोष्टीतलं भूत तेच. बाकीच्यांना २००० मध्ये कोलकात्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. लाटव्हियावाल्यांना त्याच वर्षी रशियाच्या विनंतीवरून सोडलं, ब्लीचला २००४ मध्ये. शस्त्रं नेमकी कुणासाठी होती यावर अजून भांडणं चालतात.

मला मात्र त्यातल्या कागदाचंच पडलं होतं. ही शस्त्रं बल्गेरियात रीतसर विकत घेतलेली होती, बुर्गासच्या विमानतळावरून रीतसर भरलेली. विकणाऱ्या देशाने विचारायचा तो प्रश्न विचारला होता: माल कोण वापरणार? उत्तरादाखल बांगलादेशच्या नावाचं एंड-यूझर सर्टिफिकेट दिलं गेलं होतं. विकत घेणारा लिहून देतो की हा माल मीच वापरणार, पुढे दुसऱ्याला देणार नाही, असा हा कागद. बांगलादेशला त्यातली एक गोळीही जायची नव्हती. कागदावर ढाका, पेट्या पुरुलियात. जगभरातल्या शस्त्रव्यापाराची शिस्त शेवटी या एका कागदावर उभी आहे. तो कागद म्हणजे माझ्या फॉर्ममधलं ते फील्डच, फक्त त्याला लेटरहेड आहे.

आप्पांना मी फॉर्मचं सांगितलं. क्लिपचंही सांगितलं, घरात पहिल्यांदाच. त्यांनी ऐकून घेतलं. वरून एक विमान गेलं, तेवढा वेळ दोघंही गप्प.

"आम्ही वजन बघायचो, बाय," ते म्हणाले. "किती किलो, कुठल्या होल्डमध्ये, मोडण्यासारखं आहे का. आत काय आहे ते कागद बघणाऱ्याचं काम. त्याला विचार, तो म्हणेल मी शिक्का बघतो. शिक्का मारणारा म्हणेल मी सही बघतो."

"आणि सही करणारा?"

"तो साहेब. त्याला कोण विचारतं?"

मग थोड्या वेळाने, मी न विचारता, ते ९३ च्या मार्चबद्दल बोलले. १२ मार्चला शहरभर बॉम्बस्फोट झाले तेव्हा सहार विमानतळावरही हातबॉम्ब फेकले गेले होते. आप्पांची सेकंड शिफ्ट होती. त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. बस मिळेना, म्हणून अंधेरी-कुर्ला रोडने चालत असल्फ्याला आले. आजीने दार उघडलं आणि त्यांना आधी एक थोबाडीत मारली, मग रडली. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

नंतर मी त्या हातबॉम्बांचं वाचलं. २६/११ च्या हल्ल्यानंतर भारताने जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला पुरावे दिले. हल्लेखोरांकडच्या हातबॉम्बांवर 'आर्जेस' असं नाव होतं, असं त्यात आहे. आर्जेस हे ऑस्ट्रियातल्या कंपनीचं नाव; तिने पाकिस्तानातल्या कारखान्याला ते बनवायचा परवाना दिलेला होता. १९९३ मध्ये मुंबईत सापडलेले हातबॉम्बही याच जातीचे होते. ऑस्ट्रियात कधीतरी एका टेबलावर कुणीतरी सही केली. त्या माणसाने मुंबईचं नाव तरी ऐकलं होतं का, कोण जाणे. माझ्या आजीचं नक्की नव्हतं ऐकलं.

या सगळ्यावर जगाने काहीच केलं नाही असं नाही. २ एप्रिल २०१३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार मंजूर केला. बाजूने १५४, विरोधात इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया हे तीन, आणि २३ तटस्थ. २४ डिसेंबर २०१४ पासून तो लागू आहे. करार लांबलचक आहे, पण त्याचा जीव सहाव्या आणि सातव्या कलमात आहे. वंशसंहारासाठी किंवा सामान्य नागरिकांवर हल्ल्यासाठी शस्त्रं वापरली जाणार हे माहीत असेल तर परवाना द्यायचाच नाही. माहीत नसेल तर आधी तपासायचं: या शस्त्रांनी मानवाधिकारांचं गंभीर उल्लंघन होण्याचा धोका आहे का? धोका फार मोठा असेल, कशानेही कमी होत नसेल, तरीही नाही द्यायचा. म्हणजे 'कोण वापरणार' याच्या पुढचा प्रश्न, 'कुणावर वापरणार', पहिल्यांदा जागतिक कायद्यात लिहिला गेला.

तटस्थ राहिलेल्या २३ देशांत भारत होता.

माझी पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: झालं, आपण नेहमीसारखेच. पण भारताचं तेव्हाचं म्हणणं वाचल्यावर इतकं सोपं वाटेना. करार दहशतवादी आणि बिगर-सरकारी टोळ्यांबाबत ढिला आहे, हा एक आक्षेप. पुरुलिया आणि ९३ नंतर हा आक्षेप घ्यायचा हक्क कुणाला असेल तर तो आपल्याला. दुसरा आक्षेप असा की सगळी सूत्रं विकणाऱ्या देशांच्या हातात जातात. उद्या ते करार दाखवून ऐन वेळी माल अडवतील आणि घेणारा हात चोळत बसेल. भारत त्या वेळी जगातला सर्वांत मोठा शस्त्र-आयातदार होता, म्हणून हेही समजण्यासारखं. गिऱ्हाईक म्हणून बघितलं तर दुकानदाराने 'कशाला हवंय?' विचारलेलं कुणालाच आवडत नाही. आमच्या सेल्सच्या मुलाचंही हेच म्हणणं असतं.

पण त्यानंतर आपण काउंटरच्या दुसऱ्या बाजूला आलो. २०१३-१४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. महाराष्ट्रात तर हा धंदा घरचाच आहे. अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांची नावं घ्यायला लागलो तर अर्ध्या राज्याचा नकाशा होतो. कॉलेजातल्या माझ्या एका मैत्रिणीचं सगळं घर वरणगावच्या काडतुसांवर उभं राहिलं, तिची फीसुद्धा. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले, तेव्हा आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत फोनवर होतो. देशाने शस्त्रं बनवूच नयेत असलं मला काही म्हणायचं नाही. तिच्या बाबांसमोर बसून तर नाहीच नाही. पण विकणारा झाल्यावर विकणाऱ्याचे प्रश्न आपल्याला लागू होतात की नाही?

म्यानमारचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली आणि मग स्वतःच्याच गावांवर विमानातून बॉम्ब टाकले. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये, सत्तांतरानंतर त्या लष्कराला कुठून किती माल गेला याचा हिशेब मांडला. रशिया, चीन, सिंगापूर वर आहेत. भारतातल्या कंपन्यांकडून गेलेला माल ५.१ कोटी डॉलर्सचा, आणि त्यात सरकारी कंपन्याही आहेत. दुहेरी वापराची सामग्री धरून. म्यानमार आपला शेजारी आहे, सरहद्द सांभाळायची आहे, चीन बसलाच आहे टपून, ही सगळी कारणं मला माहीत आहेत. तरी ती गावं राहतातच.

मग गाझा. त्या सप्टेंबरात मी मेट्रोत साकीनाक्यापाशी लटकत होते तेव्हा फोनवर बातमी आली. इस्राएलला भारतातून जाणारी शस्त्रं थांबवा, अशी याचिका अकरा जणांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. निवृत्त सनदी अधिकारी, अभ्यासक वगैरे. ज्या कंपन्यांची नावं त्यात होती त्यातली एक म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, सरकारी, मुख्यालय आपल्या पुण्यात. ९ सप्टेंबर २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत, इस्राएल हा सार्वभौम देश आमच्या अधिकारक्षेत्रात नाही, झालेले करार मोडले तर कंपन्यांवर बोजा येईल, असा साधारण युक्तिवाद. निर्यात रोखायचा अधिकार कायद्याने सरकारला आहेच, असंही न्यायालय म्हणालं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, मी वकील नाही. पण मला आप्पांची साखळी आठवली. लोडर, कागदवाला, शिक्केवाला, सहीवाला. आता तिच्यात एक कडी वाढली.

साखळीतली सगळ्यात खालची कडी मात्र त्याच वर्षी बोलली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या अकरा मोठ्या बंदरांमधल्या कामगारांच्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशनने जाहीर केलं की इस्राएलसाठीचा शस्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. आप्पांना वाचून दाखवलं तर ते नुसतेच "हं" म्हणाले. पेपर मात्र घडी करून उशाशी ठेवला.

इथे एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. आप्पांचं भूत, तो किम डेव्ही, खरं नाव नील्स होल्क, डेन्मार्कमध्ये सापडला. भारत त्याला मागतोय. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने नकार दिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा दिला. कारण? भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, म्हणजे मानवाधिकार. त्या पेट्यांतल्या रायफली कुणावर चालल्या असत्या हे बुर्गासला कुणी तपासलं नाही, पण पेट्या टाकणाऱ्याच्या मानवाधिकारांची तपासणी दोनदा झाली. मला याचा राग येतो, आणि रागाच्या पोटात हेही कळतं की डॅनिश न्यायाधीशांनी योग्य तोच प्रश्न विचारला. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, अजून तो मंजूर केलेला नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या की माझं डोकं दुखतं.

आणि कागद नीट वाचायचा म्हटला तर आपल्याला वाचता येतो, हेही खरं. जानेवारी २०२४ मध्ये न्हावाशेवा बंदरात कस्टम्सने चीनहून कराचीला चाललेलं एक जहाज अडवलं. कागदपत्रांवर पाठवणारी शांघायची एक कंपनी आणि घेणारी सियालकोटची. खोदून पाहिल्यावर पाठवणारी वेगळीच निघाली आणि घेणारीही. आत बावीस टनांच्या आसपास माल, त्यात इटालियन बनावटीचं सीएनसी मशीन. क्षेपणास्त्राचे भाग बनवायला ते चालतं, असं आपल्या तज्ज्ञांचं म्हणणं; साधं व्यापारी लेथ मशीन आहे, असं पाकिस्तानचं. निकाल काही का असेना, कुणीतरी बसून दोन नावं ताडून पाहिली. आपल्याकडे येणाऱ्या धोक्यासाठी ही नजर आहे. आपल्याकडून जाणाऱ्या मालासाठी माझ्या ऑफिसात ड्रॉपडाउन आहे, आणि त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे.

शेवटी मी नवीन तिकीट काढलं. स्वतःच. "एंड-यूज फील्डची डिफॉल्ट व्हॅल्यू काढा. अंतिम वापरकर्ता आणि त्याचा देश ही दोन फील्ड मँडेटरी करा." कारणात लिहिलं की युरोपियन युनियनच्या २०२१ च्या दुहेरी वापराच्या नियमांत पाळत ठेवण्याची साधनं यादीत नसली तरी, ती दडपशाहीसाठी किंवा मानवाधिकारांच्या गंभीर उल्लंघनासाठी वापरली जाणार असतील तर परवाना लागू शकतो, उद्या युरोपातलं गिऱ्हाईक आलं तर आपल्याला हे विचारलं जाईल. नियम युरोपातल्या निर्यातदारांना आहेत, आम्हाला नाहीत. म्हणजे कारण जरा ओढून-ताणून होतं. खरं कारण अकरा सेकंदांचं होतं, पण ते जीरात कुठल्या फील्डमध्ये लिहायचं ते मला कळलं नाही.

पुल रिक्वेस्ट सात आठवडे पडून होती. सेल्सच्या मुलाने खाली कॉमेंट टाकली: "कस्टमर विचारेल, का हवंय हे?" मी लिहिलं, "विचारू दे." त्यावर तो थेट माझ्या डेस्कपाशी आला. त्याचं टार्गेट आहे, त्याची बायको बाळंतपणाला गेलीय, बोरिवलीच्या घराचा हप्ता आहे. तो वाईट नाही. आम्ही खाली जाऊन वडापाव खाल्ला. तो म्हणाला, "तू एकटीने विचारून काय होणार? बाजूच्या बिल्डिंगमधला देईल ना त्यांना." शस्त्रं विकणारे देशही एकमेकांकडे बोट दाखवून हेच म्हणतात, हे मी त्याला सांगणार होते. पण त्याच्याशी वाद घालायला गेले की मी भाषण द्यायला लागते, हे माझ्या लक्षात आलंय. म्हणून एवढंच म्हटलं की कुणी फील्ड भरायला नाही म्हणालं तर मला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी.

मॅनेजरने एका शुक्रवारी संध्याकाळी, कुणाचं लक्ष नसताना, रिक्वेस्ट मर्ज केली. कॉमेंट काही नाही.

पहिले दोन आठवडे काहीच आलं नाही आणि सेल्सच्या मुलाने माझ्याकडे बघणं टाळलं. मग जुन्याच रीसेलरकडून रिन्यूअलची रिक्वेस्ट आली, क्लिपवाल्याच लायसन्सची. अंतिम वापरकर्ता: 'गव्हर्न्मेंट'. देश: पुन्हा रीसेलरचाच. एंड-यूज: 'क्राउड मॅनेजमेंट'.

मी परत मेल केला. कुठल्या सरकारचं कुठलं खातं, आणि क्राउड मॅनेजमेंट म्हणजे नेमकं काय. मॅनेजर सीसीमध्ये आहे. रिन्यूअल होल्डवर ठेवलंय, तसा अधिकार मला आहे की नाही हे अजून कुणी विचारलेलं नाही. आज नववा दिवस. सकाळी असल्फ्याला मेट्रोत चढताना आप्पांचा फोन आला होता, "आलं का गं उत्तर त्या लोकांचं?"

अजून नाही.